नव्या बूथप्रमुखासाठी

सभा आणि बॅनरचं वरचे बघतील. तू आधी आपल्या बूथची मतदार यादी छापून घे आणि पेन घेऊन बस. मयत कोण, लग्न होऊन गेलेल्या लेकी कोण, कुठल्या सुनेचं नाव अजून चढलेलं नाही, हे आळीतल्या चार बायकांना विचार, तासाभरात कळतं. ज्यांचं नाव कुठंच नाही त्यांचा नमुना ६ (नवीन नाव नोंदवायचा अर्ज) आत्ताच भर; सुनेचं नाव माहेरच्या यादीत असेल तर पत्ता बदलायचा नमुना ८. नंतर धावपळ करून नाव चढत नाही.

पाटण-जावळीकडची कितीतरी माणसं मुंबईत माथाडीत आहेत. त्यांच्या मंडळांना आत्ताच फोन लाव, म्हणजे रजा टाकतील. मतदानाला न्यायला गाडी मात्र करून देऊ नकोस, तो गुन्हा आहे.

२०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात उदयनराजे कमळावर ३२ हजारांवर मतांनी आले, पण विरोधकाच्या तुतारीसारखं चिन्ह असलेल्या अपक्षानं ३७ हजारांच्या आसपास मतं घेतली. शेजारी सांगलीत तर आपण अपक्षाकडून लाखभर मतांनी हरलो. त्यामुळं हवेवर विसंबू नकोस बाबा.

देव, देश, धर्म हा आपला पाया आहेच, तो सांगताना लाजायचं नाही. पण माण-खटावात बोलायला उभा राहिलास तर आधी उरमोडी, जिहे-कठापूर या पाणी योजनांचं बोल. आणि विरोधकाच्या घरावर, जातीवर शब्द काढू नकोस. पुढच्या जत्रेत त्याच्याच शेजारी बसायचंय.

आपला पोलिंग एजंट मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी, अभिरूप मतदानाला (यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाला) हजर हवा. संध्याकाळी सही केलेला नमुना १७सी (किती मतं पडली त्याचा हिशेब) हातात आल्याशिवाय त्यानं केंद्र सोडायचं नाही.