यादीतली पुढची ओळ म्हणजे पर्याय नव्हे

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागून प्रवेशफेऱ्यांचे कट-ऑफ जाहीर होऊ लागले की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, एमबीबीएस हुकलं. आता पुढं काय?" विचारणारे कधी लातूर-नांदेडचे असतात, कधी मुलांसाठी पुण्यात खोली घेऊन राहिलेले असतात. प्रश्न तोच असतो आणि त्यामागची घाईही तीच असते. बहुतेकांना खरे तर पर्याय शोधायचाच नसतो. हुकलेल्या गोष्टीच्या एक पायरी खालचे जे मिळेल ते पदरात पाडून घ्यायचे असते. या घाईत घेतलेले निर्णय पुढे चार-पाच वर्षे मुलांना कसे छळतात, हे मी जवळून पाहत आले आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

आधी एक साधे गणित मांडते, कारण अपराधीपणाचा बराचसा भार त्यानेच हलका होतो. 2025 मध्ये सुमारे 22 लाख विद्यार्थी नीटला बसले आणि त्यांपैकी 12 लाखांहून अधिक पात्र ठरले. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत आणि त्यांतल्या साधारण निम्म्याच सरकारी महाविद्यालयांत आहेत. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी नऊ जण बाहेर राहणारच होते. असे असताना त्या नऊ जणांच्या घरांत मात्र 'आपलाच मुलगा कमी पडला' असे सुतक पाळले जाते.

आता त्या मुलीविषयी. तिला आपण ऋतुजा म्हणू. तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटी मोजक्या संवादांत मांडल्या आहेत. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तिच्या वडिलांचे कृषी सेवा केंद्र आहे. बारावीनंतर एक वर्ष रिपीट करूनही तिचा नंबर लागला नव्हता. पहिल्या भेटीत वडिलांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर सुवाच्य अक्षरात बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी अशी उतरंड लिहिलेली होती आणि प्रत्येकापुढे खासगी महाविद्यालयाची फी होती.

"यातलं काय घ्यावं ते तुम्ही सांगा, मॅडम. दोन दिवसांत प्राधान्यक्रम भरायचाय."

मी विचारले, "या कागदावरचं एक तरी काम दिवसभर कसं चालतं, हे तुम्ही दोघांपैकी कुणी पाहिलं आहे का?"

दोघांनीही एकमेकांकडे पाहिले. त्या भेटीत मी कागदाला हात लावला नाही. वडिलांना बाहेर बसवून ऋतुजाशी एकटीशी बोलले. ती रडत नव्हती, आणि मला त्याचीच काळजी वाटली.

"झोप लागते का?"

"लागते. उठावंसं वाटत नाही."

"जगणंच नको, असं कधी मनात येतं का?"

हा प्रश्न मी सरळ विचारते, कारण तो विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार घुसतो, हा समज चुकीचा आहे; उलट कुणीतरी विचारले याने मुले मोकळी होतात. ऋतुजा म्हणाली, "तसं नाही. पण दोन वर्षांत कुणी मला कशी आहेस असं विचारलं नाही, टेस्टला किती पडले एवढंच विचारलं. आता सांगायला मार्कच नाहीत, तर मी लोकांसमोर जाऊन बोलू काय?"

माझ्या कामाची बैठक अशी आहे की, माणसाला त्रास घटनेपेक्षा त्या घटनेतून त्याने स्वतःविषयी काढलेल्या निष्कर्षाचा अधिक होतो. प्रवेश हुकला, ही घटना होती. 'मी सांगण्यासारखी उरले नाही' हा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष जागचा हलल्याशिवाय निवडलेला कोणताही अभ्यासक्रम तिला शिक्षाच वाटला असता. त्यामुळे प्राधान्यक्रमाची ती फेरी सोडून द्यायला मी वडिलांना सुचवले. ते नाराज झाले, पण माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ते मानले, याचे मोल मला आजही वाटते.

पुढच्या काही भेटींत आम्ही अभ्यासक्रमांविषयी जवळजवळ बोललोच नाही. मी तिला मागच्या वर्षातले असे प्रसंग आठवायला सांगितले, ज्यांत तिला घड्याळाची आठवण राहिली नव्हती. तिला सुरुवातीला काहीच आठवेना. मग सहज सांगावे तसे ती म्हणाली, "आजीजवळ बसायचे तेव्हा. पण ते काही काम नव्हतं."

आजीला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणे जवळजवळ गेले होते. समजत सगळे असे, पण 'पाणी' हा शब्द काही केल्या ओठांवर येत नसे. रिपीटच्या वर्षात ऋतुजा दुपारी पुस्तक घेऊन तिच्या खाटेजवळ बसे. एक दिवस तिच्या लक्षात आले की, सुटा शब्द न सापडणारी आजी वारांची नावे ओळीने सुरू करून दिली की पुढची आपोआप म्हणते. आजीला गुरुवारच्या उपवासाचे सांगायचे होते. ऋतुजाने तिच्या डाव्या हाताची बोटे एकेक करून दुमडत 'सोमवार' म्हटले. आजी पुढे 'मंगळवार, बुधवार, गुरुवार' म्हणाली आणि तिथे तिने नातीचे मनगट घट्ट धरले. मग ऋतुजाने घरच्या वापरातल्या शब्दांसाठीही अशा वाटा शोधल्या. अर्धे वाक्य आपण म्हणायचे आणि शेवटच्या शब्दाशी थांबायचे. काय लागू पडते आणि काय नाही, हे तिने केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानांवर तारखेसह लिहून ठेवले होते.

हे सांगताना ती खुर्चीच्या कडेवर आली होती. मी विचारले, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. बघून बघून कळलं."

"हेच काम शिकून आयुष्यभर करणारी माणसं असतात, हे तुला ठाऊक आहे?"

ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी ते वर्ष नुसतं वाया घालवलं नाही?"

त्या एका वाक्यासाठी मी थांबले होते. वाचाउपचार हा विषय मी पहिल्याच दिवशी सुचवला असता, तर तोही त्या कागदावरची आणखी एक ओळ ठरला असता. तिने तो आपल्या अनुभवातून वर काढला, म्हणून तो तिचा झाला. त्या दिवसापासून मी एक गोष्ट कटाक्षाने पाळते : मुलाला काय व्हायचे आहे, हे विचारण्याआधी कोणत्या माणसासमोर बसून त्याला वेळेचे भान राहत नाही, हे शोधते. हे शोधायला वेळ लागतो, पण तो क्वचितच वाया गेला आहे.

तरीही भारावून जाऊन निर्णय घेऊ दिला नाही. मी तिला एका वाचा व श्रवण उपचार केंद्रात काही दिवस नुसते बसायला पाठवले. तिथे तिने टेबलाखाली दडून एकही आवाज न काढणारे मूल पाहिले, महिनोन्महिने सुधारणा न दिसणारे रुग्ण पाहिले आणि संध्याकाळी कंटाळा येईपर्यंत लिहावे लागणारे अहवालही पाहिले. परत आल्यावर ती म्हणाली, "अहवाल बोअर आहेत. बाकी चालेल." मला हे उत्तर फार आवडले, कारण त्यात काम होते, स्वप्नरंजन नव्हते.

वडिलांचा प्रश्न शिल्लक होताच. "बीएएमएस केलं तर नावापुढं डॉक्टर तरी लागेल."

मी त्यांना म्हटले, "आयुर्वेदाची ओढ असेल तर जरूर घ्या, तो साडेपाच वर्षांचा पूर्ण अभ्यास आहे. पण केवळ दोन अक्षरांसाठी घेतला, तर त्या शास्त्रावरही अन्याय होईल आणि मुलीवरही. मला एक सांगा, तुमच्या आईला बोलतं करायला तालुक्यात कोण मिळालं?"

ते म्हणाले, "कुणीच नाही. पंधरा दिवसांतून एकदा गाडी करून संभाजीनगरला न्यायचो." आणि वाक्य संपवता संपवता त्यांनी मुलीकडे पाहिले. त्यानंतर त्यांनी फीचा प्रश्न विचारला, लोकांचा नाही.

ऋतुजाने बीएएसएलपी म्हणजे श्रवण, वाचा आणि भाषा यांचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम निवडला. त्यातले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. आता ती रुग्ण तपासू लागली आहे. एमबीबीएसला गेलेल्या मैत्रिणींचे फोटो पाहून अजूनही कधी कधी तिला वाईट वाटते, आणि तसे वाटण्यात काही बिघडलेले नाही, हे तिला ठाऊक आहे.

प्रत्येकाच्या घरी अशी आजी नसते, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक मुलाच्या डॉक्टर होण्याच्या इच्छेत अनेक धागे असतात : कुणाला शरीराचे कोडे आवडते, कुणाला आजारी माणसाची सोबत, कुणाला यंत्रे, तर कुणाला केवळ मान हवा असतो. हे धागे सुटे केले की वाटा दिसू लागतात. शरीराची हालचाल आणि रोजचे जगणे पूर्ववत करण्यात रस असेल तर फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी आहे. प्राण्यांची ओढ असेल तर पशुवैद्यक आहे, आणि त्यालाही नीटचेच गुण चालतात. प्रयोगशाळेत रमणाऱ्याला पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत मूलभूत विज्ञान शिकता येते. फक्त मान हवा असेल, तर तेही मुलाने निदान स्वतःशी कबूल करावे. फिजिओथेरपीसह अनेक आरोग्यसेवा व्यवसायांसाठी संसदेने 2021 मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आहे, त्यामुळे ही 'दुय्यम' कामे आहेत, ही समजूत आता तरी सोडावी. मात्र महाविद्यालयाला संबंधित परिषदेची मान्यता आहे की नाही, हे स्वतः तपासल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

पुन्हा एकदा परीक्षा द्यावी का, हा प्रश्न आईवर्गाकडून हमखास येतो. गुण प्रवेशाच्या अगदी जवळ आले असतील, मागच्या वेळी नेमके काय कमी पडले हे मुलाला सांगता येत असेल आणि निर्णय त्याचा स्वतःचा असेल, तर जरूर द्यावी. 'बाकी काही सुचत नाही' म्हणून घेतलेले वर्ष मात्र मुलाला आतून पोखरते. त्या काळात मूल जेवणखाण, मित्र, बोलणे सोडू लागले, तर अभ्यासाची चिंता बाजूला ठेवून मदत घ्यावी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

ज्यांची मुले यंदा अकरावी-बारावीत आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांसाठी लागणारी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, तसेच नर्सिंगची स्वतंत्र सीईटी यांचे अर्ज नीटच्या निकालाच्या काही महिने आधीच भरून घेतले जातात. 'त्याचं मन विचलित होईल' म्हणून घरात या अर्जांचा विषयही काढला जात नाही आणि जूनमध्ये हे दरवाजे बंद झालेले असतात. बारावीच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मुलासोबत बसून हे अर्ज भरावेत, आणि ते का भरत आहोत, हे त्याला त्याच वेळी स्पष्ट सांगावे.