लॉज चालू आहे, पण नदी?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात हिमाचलच्या ट्राउट फिशिंगबद्दल लिहिलं होतं, म्हणजे पिसं-दोरे गुंडाळून किड्यासारखा केलेला गळ (फ्लाय, आपण त्याला माशी म्हणू), लांब लवचिक रॉड आणि नदीकाठचे छोटे लॉज, त्यावर बरीच पत्रं आणि मेल आले. बहुतेकांना एकच विचारायचंय, कधी जायचं? म्हणून आजचा कॉलम सगळा त्यालाच देतोय.

प्रश्न: मुलांच्या सुट्ट्या बघून आम्ही मेच्या शेवटच्या आठवड्यात तीर्थन व्हॅलीत चाललोय. लॉजच्या वेबसाइटवर फिशिंग सीझन मार्च ते ऑक्टोबर असं लिहिलंय. पण माझा एक मित्र मागे जूनमध्ये जाऊन आला, तो म्हणतो पाणी नुसतं गढूळ, एक मासा लागला नाही. खरं कोणाचं? (एक वाचक, पुणे)

दोघांचंही. वेबसाइटवर असतो तो कायद्याचा सीझन. हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत मासेमारी बंद, बाकीचे आठ महिने मत्स्य विभागाचा परवाना मिळतो. आता परवाना मिळतोय म्हणून मासा मिळेलच असं थोडंच आहे, पण लॉजवाल्यांना आठही महिने खोल्या भरायच्या असतात त्यामुळे ते हा फरक स्वतःहून सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही.

तीर्थनचं पाणी येतं ते वरून, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बर्फातून. मार्चमध्ये नदी बारीक आणि नितळ असते पण पाणी इतकं गार की मासा सुस्त पडून असतो, ऊन चांगलं वर आल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे पहाटे उठून काही फायदा नाही, पराठे खाऊन निवांत दहा वाजता निघा. एप्रिल ते साधारण मेचा मध्य हा खरा उन्हाळी सीझन. ट्राउटला 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं, त्या दिवसांत पाणी त्याच्या जवळपास येतं, दगडाखालचे किडे बाहेर पडायला लागतात आणि मासा वर येऊन खातो. काठाजवळचा एखादा ओला दगड उलटा करून बघा, त्याला वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्याशा नळ्या लागलेल्या दिसतील, आत कॅडिस नावाच्या किड्याची अळी असते. ट्राउटचं जेवण ते. तुमच्या गळावरची माशी त्याच रंगाची आणि त्याच मापाची हवी, बाकी दुकानदार जे चमकदार काहीतरी दाखवतो ते राहू द्या.

मग मेचा शेवट आला की वरचा बर्फ जोरात वितळायला लागतो आणि पाणी दुधाळ-राखाडी होतं. पण (हे तुमच्या मित्राला कोणी सांगितलं नसणार) ते दिवसभर सारखं नसतं. बर्फ वितळतो दुपारी, ते पाणी खाली गुशैणी गावापर्यंत यायला काही तास जातात, म्हणजे संध्याकाळी नदी फुगते, रात्रभर तशीच असते आणि पहाटे परत उतरते. मेअखेर जाणाऱ्यांसाठी पहाटेपासून साधारण नऊपर्यंतची वेळ खरी, नंतर मुलांना धबधबा दाखवायला न्या. पहाटे नदीवर गेलात की मोठ्या दगडाच्या बाजूला ओली रेघ दिसते, रात्री पाणी कुठवर चढलं होतं त्याची. ती रेघ आणि आत्ताचं पाणी यात चांगलं वीतभर अंतर असेल तर नदी उतरतीये, रॉड जोडा. रेघ पाण्याला टेकलेली असेल तर चहा घ्या.

गढूळपणाची टेस्ट सोपी आहे. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचा बूट दिसतोय का बघा. अंधूक दिसला तरी चालेल, मोठी काळी माशी लावायची आणि काठाला धरून टाकायची कारण जोराच्या पाण्यात मासा मधे थांबत नाही, कडेच्या संथ पट्ट्यात सरकतो, अगदी तुमच्या पायाशीसुद्धा. बूट अजिबातच दिसत नसेल तर मग नाही. ट्राउट डोळ्याने बघून खातो, दिसलंच नाही तर खाणार काय.

तर बुकिंग कॅन्सल करू नका, फक्त अपेक्षा पहाटेपुरती ठेवा. आणि पुढच्या वर्षी जमलं तर परीक्षा संपल्या संपल्या एप्रिलमध्येच जा.

प्रश्न: 15 ऑगस्टच्या लाँग वीकेंडला कुल्लूच्या बाजूला एक लॉज अर्ध्या रेटमध्ये मिळतोय, फिशिंग इन्क्लूडेड. घेऊ का? (नाशिक)

फिशिंगसाठी? नको. आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे पकडायला अख्खा गाव ओढ्यावर जातो, त्यामुळे भरपूर पाणी म्हणजे भरपूर मासे हे आपल्या डोक्यात फिट बसलंय. इथे उलटं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये या नद्या चिखल, लाकडं, दगड घेऊन येतात, मासा कुठल्यातरी खडकाच्या आडोशाला जीव मुठीत धरून बसलेला असतो. शिवाय रस्ते. जुलै 2023 मध्ये बियासला पूर आला तेव्हा मनालीच्या हायवेचे तुकडेच्या तुकडे वाहून गेले, किती टुरिस्ट अडकले होते ते टीव्हीवर पाहिलंच असेल. अर्धा रेट उगाच नाहीये. पावसातले हिरवे डोंगर बघत पुस्तक वाचायचं असेल आणि रजा वाढवून मिळत असेल तर तुमची मर्जी, पण नदीच्या अगदी काठावरची खोली घेऊ नका, हे मात्र सिरियसली सांगतोय.

प्रश्न: आम्ही चार मित्र दर दिवाळीत बाहेर पडतो. 2026 च्या दिवाळीला ट्राउट फिशिंगचा प्लॅन आहे, कोणती जागा सुचवाल? (कोल्हापूर)

2026 ला लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे आणि हिमाचलचं ट्राउटचं पाणी 1 नोव्हेंबरला बंद होतं. काश्मीर तर त्याच्याही आधी, तिथला सीझन एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे ट्राउट विसरा. कोणी म्हणालं की या, बघू काहीतरी करू, तर समजून जा की लॉज कसला आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ब्राउन ट्राउट अंडी घालायला उथळ खडीवर येतो, मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून परत खडी लोटते. तेव्हा मासा पकडणं सोपं असतं, म्हणूनच तर बंदी आहे. आणि मासा सोडून दिलात तरी त्या खडीवरून नुसतं बुटाने चाललात तर अंडी गेलीच.

तुमच्यासाठी दोन पर्याय आहेत. एक, दिवाळीचा हट्ट सोडा आणि गणपती झाले की सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कधीही तीर्थनला किंवा बरोटला जा. माझं मत विचाराल तर वर्षातला सगळ्यात बेस्ट काळ हाच. पाऊस थांबलेला, वरचा बर्फही फारसा वितळत नाही, पाणी हिरवट नितळ, आणि थंडी यायच्या आत ब्राउन ट्राउट खा खा खातो. फक्त पाणी स्वच्छ म्हणजे मासा पण तुम्हाला बघतो, तेव्हा लाल टी-शर्ट घालून काठावर उभं राहून गप्पा मारणं बंद. बरोटला उहल नदी आहे, तिथूनच 1932 च्या शानन वीज प्रकल्पासाठी पाणी वळवलंय, त्यामुळे अडवलेल्या जागेच्या वर फिशिंग करायचं की खाली हे लॉजवाल्याला आधी विचारा, खाली पाणी कमी असतं.

दुसरा पर्याय, दिवाळीच हवी असेल तर ट्राउटऐवजी महसीर. उत्तराखंडात रामगंगेवर, कॉर्बेटच्या हद्दीबाहेर, असे लॉज आहेत. पावसाळ्यात महसीर अंडी घालायला वरच्या ओढ्यांत चढतो आणि पाणी ओसरलं की परत मोठ्या डोहांकडे येतो, तो सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. दिवाळी तशी शेवटाकडे येते, पाणी एकदा फार गारठलं की महसीर तोंड उघडत नाही, त्यामुळे भाऊबीज करून जायचं असेल तर लगेच निघा, आठवडाभर रेंगाळू नका. परवान्याचं त्या वर्षी काय चाललंय ते पैसे भरायच्या आधी लेखी मागून घ्या. आणि गोल्डन महसीर धोक्यात आलेला मासा आहे, पकडला की फोटो काढून सोडायचा, तोही पाण्यातच धरून.

प्रश्न: जूनमध्ये काश्मीरला जातोय, पहलगामला लिद्दर नदीवर फिशिंग करायचंय. तेव्हाही बर्फाचं पाणी असतं का? (नागपूर)

असतं, आणि लिद्दरला चांगलंच असतं, वर कोलाहोई हिमनदी आहे. जूनचा बराचसा काळ पाणी जोरात आणि मळकट. नागपूरच्या उन्हातून जाताय म्हणून पाय बुडवायला छान वाटेल पण माशी टाकायला नाही. माझं ऐकाल तर तेवढे दोन दिवस कोकरनागच्या बाजूला ब्रिंगीवर घालवा. कोकरनागला जमिनीतून झरे फुटतात, झऱ्याचं पाणी बर्फाच्या पाण्यासारखं दुपारी चढत नाही आणि बऱ्यापैकी स्वच्छ राहतं, त्यामुळे लिद्दर मळकट असताना तिथे फिशिंग चालू असतं. (ही तीच ब्रिंगी, जी फेब्रुवारी 2022 मध्ये पात्रात पडलेल्या एका खड्ड्यात गडप झाली होती आणि खालच्या कोरड्या पात्रात ट्राउट तडफडत पडले होते. खाली चुनखडी आहे, झरे पण तिच्यामुळेच आणि तो खड्डा पण.) लिद्दरचाच हट्ट असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर.

काश्मीरमध्ये नदीचे तुकडे पाडलेले असतात, त्याला बीट म्हणतात, आणि मत्स्य विभाग बीटप्रमाणे परमिट देतो, एका बीटवर मोजकेच रॉड. त्यामुळे हॉटेल बुक केलं म्हणजे नदी बुक झाली असं समजू नका, आधी बीट मग हॉटेल. आणि हो, गाइड सांगेल की हा आमच्या काश्मीरचा मासा, तर तसं काही नाही, साहेब लोकांनी 1900 च्या सुमारास विलायतेतून अंडी आणून सोडली, त्याच्या आधी पाठवलेली खेप तर वाटेतच मेली होती.

प्रश्न: मुलगा डेन्वरला असतो. जूनच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत आणि तो मोंटानातला एक फ्लाय फिशिंग लॉज बघतोय, भलताच महाग आहे. वेळ बरोबर आहे का? (ठाणे)

मुलाला सांगा जरा थांब. रॉकी पर्वतातही तेच गणित, तिथे साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्या-शेवटापर्यंत बर्फाचं पाणी नद्यांमधून धावत असतं. जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला मॅडिसनसारख्या नद्यांवर सॅमनफ्लाय नावाचा बोटाएवढा किडा निघतो आणि एरवी भाव खाणारे मोठे ट्राउट पण वर येतात, पैसे खर्च करायचेच तर तेव्हा. तारखा हलत नसतील तर धरणाखालची नदी बघा, उदाहरणार्थ यलोटेल धरणाखालची बिगहॉर्न. धरणात गाळ खाली बसतो आणि तळाचं गार पाणी बाहेर सोडतात, त्यामुळे बाकीच्या नद्या गढूळ असतात तेव्हाही तिथे चालतं. किंवा मोंटाना राहू द्या, डेन्वरहून गाडीने जाऊन यायच्या अंतरावर साउथ प्लॅट आहे, चीझमन धरणाखाली. तेवढ्या पैशात नातवंडांसोबत अजून चार ठिकाणं होतील.

जुलैअखेर-ऑगस्टमध्ये गेलात तर वेगळाच प्रकार. पाणी तापतं. मोंटानात पाणी लागोपाठ तीन दिवस 73 फॅरेनहाइटला, म्हणजे आपल्या 23 अंशांच्या आसपास पोचलं की त्या नदीवर दुपारी 2 ते मध्यरात्र फिशिंग बंद करतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, दमलेला मासा सोडला तरी जगत नाही. लॉजचं भाडं पूर्ण दिवसाचं आणि फिशिंग अर्ध्या दिवसाचं, तेव्हा असं झालं तर काय सूट देणार हे बुकिंगलाच विचारायला लावा.

प्रश्न: एवढं लांब कशाला? आमच्या महाडजवळ वाळण कोंडीला केवढे मासे आहेत, तिथे फ्लाय फिशिंग का नाही? (महाड)

तिथे गळ काढून तर बघा, गावकरी काय करतात ते! ते देवीचे मासे आहेत, लोक त्यांना चुरमुरे घालतात, कोणी पकडत नाही, आणि म्हणूनच तर एवढे आहेत. कुरमुरे टाकून बघायला जरूर जा.

प्रश्न: लॉजला फोन केला की सगळे म्हणतात सर आइये, बहुत फिश है. नेमकं विचारायचं काय? (सांगली)

मासे आहेत का हे विचारूच नका, त्याला दुसरं उत्तर कोण देणार. विचारा की आज सकाळी पाण्याचा रंग कसा होता, आणि नदीचा आजचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागा, आजचाच. मग विचारा गेल्या आठवड्यात गेस्टने कुठली माशी वापरली, वर तरंगणारी की बुडणारी, त्याला उत्तर देता आलं नाही तर तिथे फिशिंग नावालाच आहे, खाली ट्राउट फार्मच्या टाकीत गळ टाकायला लावतील. परवाना कोण काढणार, रॉड त्यांचा की आपला, त्यांचा असेल तर फ्लायचा आहे की साधा रीळवाला. नदी चढलेली असली तर दुसरा कुठला ओढा आहे का आणि तिथवर गाडी जाते की चालायचं. मार्चला जात असाल तर वेडर, म्हणजे ती छातीपर्यंतची वॉटरप्रूफ पँट, भाड्याने मिळते का ते पण विचारा, नसेल तर पाण्यात उतरू नका, काठावरूनच टाका, गुडघ्याखाली पाय बधिर व्हायला पाच मिनिटं पुरतात.