गाडी दुरुस्त करायची की काढायची: खानापूरच्या पोरीला पत्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. चोर्ला घाट चढताना बाबांच्या २०११ च्या वॅगन-आरच्या बोनेटमधून वाफ आली, पाणी ओतत ओतत गाडी खानापूरपर्यंत आणलीस, आणि आता गॅरेजवाला म्हणतोय, ‘इंजिन बसलं, हाफ इंजिन करावं लागेल, नाहीतर काढून टाका.’ तू विचारतेस, करू की काढू? हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून रिंग-पिस्टनसारखे झिजलेले भाग बदलणं. माझं सरळ उत्तर असं, की आज यातलं काहीच ठरवू नकोस. इंजिन बसलंय हा अजून अंदाज आहे. कुणी काही मोजलेलं नाही, आणि न मोजता सांगितलेल्या खर्चावर हजारो रुपये लावायचे नसतात.

आधी गाडी चालवणं बंद कर. गॅरेज बदलायचं असेल तर टोइंग करून ने. तुझ्या वॅगन-आरच्या इंजिनाचं हेड (वरचा भाग) आणि ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) दोन्ही ॲल्युमिनियमचे आहेत. ॲल्युमिनियम जास्त तापलं की वाकतं. ‘जवळच तर जायचंय’ म्हणून पुन्हा तापवलीस तर आज गॅस्केटवर, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलवर, भागणारं काम उद्या हेडवर जाईल. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नकोस. उकळतं पाणी तोंडावर येतं.

आता तपासणी. ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघ. तिथलं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी ऑइलात उतरलंय. डिपस्टिकही बघ. मग गॅरेजवाल्याला कूलिंगची प्रेशर टेस्ट करायला सांग. थंड इंजिनावर रेडिएटरला पंपाने दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. बाहेर कुठे थेंब दिसला, पाइप किंवा वॉटर पंप गळत असला, तर निम्मी काळजी तिथेच मिटली. बाहेर कोरडं आणि तरी दाब उतरत असेल तर पाणी आत जातंय.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. ती केल्याशिवाय ‘हाफ इंजिन’ हा शब्द ऐकून घेऊ नकोस. तिन्ही प्लग काढायचे, बॅटरी पूर्ण चार्ज, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरवर गेज लावून स्टार्टर फिरवायचा. काढलेल्या प्लगांकडेही बघ. दोन काळपट आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. गेजचे तिन्ही आकडे कागदावर लिहून घे. ते जवळपास सारखे आणि चांगले असतील तर रिंग-पिस्टनला हात लावायचं कारण नाही. शेजारशेजारचे दोन आकडे पडलेले असतील तर बहुधा त्या दोघांमधलं गॅस्केट गेलंय. एकच पडला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांग. आकडा वर आला तर रिंग झिजल्यात, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. जो मेकॅनिक हे करायला कंटाळतो, त्याच्याकडे इंजिन उघडायला देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

धुराचंही बघ. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर रेडिएटरमधलं कूलंट जळतंय. मात्र थंडीच्या सकाळी नळीतून थोडी वाफ दिसणारच, तिला घाबरू नकोस.

तू सांगितलंस त्यावरून मला हेड गॅस्केटची शंका जास्त येते. तसं निघालं तर हेड उतरवावं लागेल, आणि खरी राखण इथे करायची. उतरवलेलं हेड सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून तपासलं पाहिजे. अशा छोट्या इंजिनांत साधारण ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक चालत नाही. एवढी वाक डोळ्याला दिसत नाही, म्हणून ‘बघितलं, सरळ आहे’ हे उत्तर मान्य करायचं नाही. ब्लॉकचा माथाही तसाच मोजायचा. वाक असेल तर हेड बेळगावच्या उद्यमबागेत फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, पाठव. जिथे बाहेरगावच्या कारखान्यांसाठी कास्टिंग आणि क्रँकशाफ्टची कामं होतात, त्या गावात एक हेड सरळ करून मिळणं कठीण नाही. तिथेच क्रॅक आहे का तेही तपासून घे. बसवताना हेडबोल्ट नवे घे आणि ते टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या), कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळायला सांग. हाताच्या अंदाजाने आवळलेलं गॅस्केट पुढच्या घाटात पुन्हा जातं.

आणि मूळ प्रश्न विसरू नकोस, की गाडी तापली का? घरच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालत असाल तर आत क्षार साचतात, गंज धरतो, नळ्या बुजतात. पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप यांतलंही काही असू शकतं. कारण न शोधता गॅस्केट बदललं तर तो खर्च वाया गेला समज. पुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालायचं.

इंजिन उघडलेलंच असेल तर पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच भागातल्या उसापासूनही बनतं याचा मला आनंद आहे, पण २०११ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही.

आता पैशाचं. इंजिनाच्या आधी गाडीचं अंग बघ. पायाखालची मॅटिंग उचल, दाराखालचे सिल, सस्पेन्शनचे माउंट, जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात चौदा-पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीला तिथेच गंज लागतो. टोचताना भोक पडलं तर इंजिनावर एक रुपयाही घालू नकोस, आहे तशी विक. इंजिन आपल्याकडे पुन्हा उभं करता येतं, सडलेला सांगाडा मात्र येत नाही.

अंग चांगलं असेल तर हिशेब कर. दुरुस्तीच्या आकड्यात वर्षभरात लागणारे टायर, क्लच, बॅटरीही धर. समजा सगळं मिळून ४०,००० झाले आणि गाडी तीन वर्षं चालली, तर महिन्याला साधारण १,१०० रुपये पडले. तीन लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता ६,४०० च्या आसपास जातो, आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा दर बऱ्याचदा याहून जास्त असतो. ‘गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त’ असं लोक म्हणतील. त्यांना गाडी विकायची असते, तुला वापरायची आहे. मात्र आईला तपासणीसाठी बेळगावला वेळेवर न्यावं लागतं, त्यामुळे गाडी मध्येच बंद पडून चालणार नाही. तपासणीत रिंग, व्हॉल्व्ह आणि अंग तिन्ही थकलेले निघाले तर बाबांची गाडी म्हणून ओढत बसू नकोस. बाबांनी ती तुम्हा माणसांच्या सोयीसाठीच घेतली होती.

आरसीची पंधरा वर्षं २०२६ मध्ये संपतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी ६० दिवसांत करता येतो आणि गाडी तपासणीला न्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून शुल्क ५,००० रुपये झालं. नियम बदलत असतात, म्हणून आरटीओत आजचा आकडा विचारून तोही हिशेबात धर.

कोल्हापूरची एमएच-०९ गाडी स्वस्तात मिळते असं तुझा मामेभाऊ म्हणतो. किंमत कमी असेलही. पण तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर कर्नाटकात नोंदणी करावी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो, आणि तिकडच्या टॅक्सचा परतावा मागायला हेलपाटे वेगळे. हे सगळं मिळवून मगच तिला स्वस्त म्हण. जुन्या बाजारातलं इंजिन टाकायचा सल्ला कुणी दिला तर बिल माग. नवा इंजिन नंबर आरसीवर चढला नाही तर नूतनीकरणाच्या तपासणीत अडकशील.

गॅरेजवाल्याकडून सुटे भाग, मजुरी आणि मशीनकाम वेगवेगळं लिहून घे, आणि काढलेले जुने भाग परत दे म्हणून आधीच सांग. तिन्ही सिलिंडरचे आकडे आले की मला फोन कर. हेड उतरवायचं ठरलं तर ते मोजायच्या दिवशी मी येतो, माझी पट्टी आणि गेज घेऊन.

तुझा,
काका