प्रायमरीत मत कोणाला?

प्रश्न: मी नुकतीच अमेरिकेची नागरिक झाले. अध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मला पटलेली उमेदवार मागे आहे. नवरा म्हणतो, 'जिंकणाऱ्यालाच दे, मत वाया घालवू नकोस.' काय करू?

उत्तर: पटलेल्या उमेदवारालाच द्या, प्रायमरी असते कशासाठी? तडजोडीची वेळ नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत येतेच. आणि जिंकणारा कोण हे आधी ठरवतं कोण? २००७ मध्ये ओबामा देशभरच्या चाचण्यांत हिलरी क्लिंटन यांच्या मागेच होते. ३ जानेवारी २००८ ला त्यांनी सर्वांत आधी मतदान झालेलं आयोवा राज्य जिंकलं आणि चित्र पालटलं.

मात्र १५ टक्क्यांचा नियम लक्षात ठेवा. राज्यात किंवा डिस्ट्रिक्टमध्ये तेवढी मतं न पडल्यास तिथले डेलिगेट (पक्षाचा उमेदवार निवडणारे प्रतिनिधी) मिळत नाहीत. तुमची उमेदवार २-३ टक्क्यांवर अडकली असेल, तर दुसऱ्या पसंतीचा विचार मलाही रास्त वाटतो. पण १३-१४ वर असेल, तर तुमचं मत उलट अधिक मोलाचं!

पोस्टाने मत देणार असाल तर फार आधी पाठवू नका. २०२० मध्ये बुटिजेज आणि क्लोबुचर या उमेदवारांनी सुपर ट्यूजडेच्या (अनेक राज्यांत एकाच दिवशी प्रायमरी होते त्या मंगळवारच्या) अगदी तोंडावर माघार घेतली, तोवर अनेकांनी त्यांना मत देऊन टाकलं होतं.