दगडी भिंतींचं घर, माडीवर नेट : पॉवरलाइन की वायफाय?

तुम्ही लिहिलंय की घर वाईजवळचं, जुनं, भिंती दगडमातीच्या आणि दीड हात जाड. फायबरचा राउटर सोप्यात आहे, मुलीचा अभ्यास माडीवर चालतो आणि ऑनलाइन तास सुरू असताना तिथे चित्र अडकतं. म्हणून विचारताय, विजेच्या तारेतून नेट नेणारी पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी घ्यावी की वायफाय मेश, म्हणजे एकमेकांकडून सिग्नल घेऊन घरभर पसरवणारे डबे.

काहीही विकत घेण्याआधी महावितरणचं बिल आणि घरातला डीबी, म्हणजे जिथून घरभर विजेच्या तारा फुटतात ती पेटी, बघा. वायफाय चालेल की नाही हे भिंती ठरवतात, पॉवरलाइन चालेल की नाही हे वायरिंग ठरवतं. आणि आपल्या गावाकडच्या मोठ्या घरांमध्ये थ्री फेज (वीज एकाऐवजी आर, वाय, बी अशा तीन वेगळ्या तारांवरून येणं) आणि इन्व्हर्टर या दोन गोष्टी असतात, त्यांच्याबद्दल अडॅप्टरच्या खोक्यावर एक अक्षर नसतं. बिलावर दर संकेताच्या ओळीत 1-फेज की 3-फेज ते छापलेलं असतं. तेवढं आधी पाहून घ्या.

आमचंही गावचं घर असंच आहे. धाकटी बहीण ऑफिसचं काम घेऊन चार महिने घरी राहायला आली तेव्हा मी पॉवरलाइनची जोडी आणली. एक अडॅप्टर राउटरपाशी, दुसरा माडीवर. खोक्यावर 600 लिहिलेलं. हा आकडा दोन्ही दिशांची बेरीज असतो, तीही तारेवरच्या कच्च्या वेगाची. त्या वर्गातल्या बऱ्याच अडॅप्टरना लॅनचं, म्हणजे नेटची केबल लावायचं, पोर्टच 100 एमबीपीएसचं असतं, त्यामुळे वायरिंग कितीही चांगलं असलं तरी शंभराच्या पुढे काही मिळत नाही. आम्हाला माडीवर मिळाले 9.

मी अडॅप्टर खराब आहे असं धरून परत पाठवायला निघालो होतो. आमच्या वायरमनकाकांनी डीबी उघडला आणि दोन मिनिटांत सांगितलं, सोप्यातला पॉइंट आर फेजवर आहे, माडी बी फेजवर. हे अडॅप्टर 50 हर्ट्झच्या विजेवर 2 मेगाहर्ट्झच्या वरचा सिग्नल चढवतात, म्हणजे किमान चाळीस हजार पट जलद. एका फेजवरून दुसऱ्या फेजवर जायला त्याला सरळ वाट नसते. तारा एकमेकींना लगटून गेलेल्या असतात तिथे जे थोडंफार झिरपेल तेवढंच पलीकडे पोचतं. काकांनी मेन बंद करून माडीची तार आर फेजच्या एमसीबीवर (डीबीतल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर) घेतली आणि वेग 70 च्या आसपास गेला. हे काम कृपा करून स्वतः करू नका. एका फेजवर किती लोड येतो ते पाहावं लागतं, आणि फेजागणिक वेगळा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असेल तर त्या सर्किटचा न्यूट्रलही बरोबर हलवावा लागतो, नाहीतर तो ट्रिप होत राहतो.

तरी तक्रार संपली नाही. बहीण म्हणायची, रोज सकाळी आठच्या मीटिंगला माझा आवाज तुटतो. मी माडीवर लॅपटॉप उघडून राउटरच्या पत्त्यावर पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारे छोटे संदेश, सोडून बसलो. 4 मिलिसेकंद, 5, 4, 4, असं शांतपणे चाललेलं. मग खालून मिक्सरचा आवाज आला आणि आकडे 180, 400 झाले, मग उत्तरच येईना. आई चटणी वाटत होती. मिक्सर थांबला तशी पुढची ओळ पुन्हा 5. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते फिरताना बारीक ठिणग्या पडतात आणि त्यांचा गोंगाट थेट तारेत उतरतो. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचे चार्जरही हेच करतात, फक्त थोड्या प्रमाणात. वेग मोजून हे दिसत नाही, कारण मोजताना मिक्सर बंद असतो. मुलीचा तास ज्या वेळी असतो त्याच वेळी, स्वयंपाकघर चालू असताना मोजा.

लोडशेडिंगने आमचा निकाल लावला. वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालू राहायचा, पण माडीचा प्लग पॉइंट इन्व्हर्टरवर नव्हता, त्यामुळे तिथला अडॅप्टर बंद. आपल्याकडे दिवे-पंख्यांची आणि एखाद-दुसऱ्या पॉइंटची फेज इन्व्हर्टरमधून फिरवून आणलेली असते. म्हणजे वीज असतानाही एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा मेनवर असला, तर सिग्नलला इन्व्हर्टरच्या पोटातून जावं लागतं आणि तिथे तो बराचसा मरतो. दोन्ही अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेता येतात, पण इन्व्हर्टर साइन वेव्हचा नसून जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर त्याचा स्वतःचाच गोंगाट सुरू होतो.

म्हणून पॉवरलाइन मी तेव्हाच घ्या म्हणेन, जेव्हा कनेक्शन सिंगल फेज आहे, दोन्ही पॉइंट एकाच डीबीवरचे आहेत आणि मध्ये इन्व्हर्टर येत नाही. भाड्याचं घर असेल, मालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर असं वायरिंग सापडलं की पॉवरलाइन खरोखर उपयोगी पडतं. तेव्हा अडॅप्टर भिंतीवरच्या सॉकेटातच लावा. एक्स्टेन्शन बोर्डात, त्यातून स्पाइक गार्डमध्ये लावला तर तो गार्ड हा सिग्नलही गोंगाट समजून गिळतो. ऑनलाइन मिळणाऱ्या काही जोड्यांना युरोपी पिना असतात. त्या पिनांची अर्थिंगची पट्टी बाजूला असते आणि आपल्या सॉकेटात ती कुठेच टेकत नाही, त्यामुळे तिसऱ्या तारेचा फायदा घेणारं महागडं मॉडेल घेऊन तो फायदा मिळत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो, कारण तुमच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे. जुन्या घरांत माडीची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या टाकून केलेली असते. तुमचीही तशी असेल, तर भिंत वायफायला अडवते पण ती जमीन फारशी अडवत नाही. राउटर सोप्यात असल्यामुळे सिग्नल दगडी भिंतीतून तिरका जातोय. तोच माजघरात, मुलीच्या टेबलाच्या बरोबर खाली आणला, तर त्याला फक्त फळ्या ओलांडायच्या आहेत. फायबरवाल्याला राउटर हलवायला सांगा, किंवा मेशचा दुसरा डबा तिथे ठेवा. सोपा आणि माजघर यांच्यामधलं दार त्याला दिसेल अशा बेताने ठेवा, लोखंडी कपाटाच्या आड नको. बहुतेक लोक हा डबा जिथे रेंज नाही तिथेच नेऊन ठेवतात. जिथे सिग्नलच पोचत नाही तिथे बसून तो पुढे काय देणार? फोनवर वायफाय मोजणारं एखादं ॲप टाका. डबा ठेवायच्या जागी उणे 67 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) किंवा त्याहून चांगला आकडा यायला हवा. उणे 80 आला तर ती जागा सोडा. वर स्लॅब असता तर मी हे सुचवलं नसतं, त्यातल्या सळ्या सिग्नल खातात, तिथे जिन्याच्या पोकळीतून वाट काढावी लागते.

आमच्या घरी शेवटी काय केलं, तर कॅट-6, म्हणजे नेटची तांब्याची केबल टाकली. मुलीची पुढची तीन-चार वर्षं अभ्यासाची असतील तर तुम्हीही तेच करावं असं मला मनापासून वाटतं. सोप्यापासून माडीपर्यंत आम्हाला 22 मीटर लागली. अशी केबल 100 मीटरपर्यंत गिगाबिट नेते, आणि मिक्सर, फेज, दगड यांपैकी कशाचाच तिच्यावर परिणाम होत नाही. वर साधा ॲक्सेस पॉइंट (केबलमधलं नेट वायफायने पसरवणारा डबा) लावला आणि त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. भिंतीत एक भोक, बाकी सगळी केबल तुळईच्या कडेने केसिंग पट्टीत, त्यामुळे घराचं रूपही बिघडलं नाही. विजेच्या तारांच्या पाइपातून मात्र ती ओढू देऊ नका, वायरमन सोय म्हणून तसं सुचवतात, पण ते धोक्याचं आहे. कॉपरचीच केबल मागा, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्तात मिळते आणि वाकवताना तुटते.

केबल बाहेरून न्यावी लागली तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी घ्या. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायला सांगा आणि आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या. वाईचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, झोळ नसला तर पाणी केबलवरून ओघळत थेट घरात येतं.