रिचर्ड डॉकिन्स यांची ओळख फक्त 'नास्तिक' एवढीच आहे का?

नाही, ते मुळात उत्क्रांतीचे अभ्यासक, ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ; 'नास्तिक' एवढीच ओळख उरली तर मला वाईट वाटेल. १९४१ साली नैरोबीत जन्म, ऑक्सफर्डला निको टिंबर्गन यांच्या हाताखाली प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास. १९७६ च्या 'द सेल्फिश जीन'मध्ये त्यांनी उत्क्रांती जनुकाच्या नजरेतून मांडली: शरीरं मरतात, जनुकांच्या प्रती टिकतात. कामकरी मुंगी स्वतः अंडी न घालता राणीची पिल्लं का वाढवते? तिचीच जनुकं त्या पिल्लांतही असतात म्हणून. (मूळ विचार जीवशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांचा, डॉकिन्स यांनी तो सामान्य वाचकापर्यंत पोचवला.) 'मीम' (माणसामाणसांत नकलेतून पसरणारी कल्पना) हा शब्दही याच पुस्तकातला!

नास्तिकतेवरचं गाजलेलं पुस्तक, 'द गॉड डिल्यूजन', थेट २००६ चं. डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचना नैसर्गिक निवडीतून पायरीपायरीने घडते, तिला निर्माता लागत नाही, हा त्यांच्या नास्तिकतेचा पाया. म्हणून आधी जनुकांवरचं वाचा.