टाच घासते, पिशवी भिजते: पॅनियर कोणती घ्यावी?

प्रश्न : इंदिरानगरहून सातपूरला रोज सायकलने कामावर जातो. सोबत लॅपटॉप, डबा, कपडे. दिवाळीत सप्तशृंगी गडाकडे दोन दिवसांची फेरी ठरतेय. दोन्हींसाठी एकच पॅनियर (कॅरियरच्या बाजूला अडकवायची पिशवी) चालेल का? एक लावून पाहिली, पण पेडल मारताना टाच घासते.

उत्तर : चालेल. २० लिटरच्या दोन पिशव्यांची जोडी घ्या; कामावर एकच न्या. पण आधी कॅरियर तपासा. फक्त सीटच्या दांड्याला आवळलेला कॅरियर पॅनियरसाठी नको, तो ओझ्याने फिरतो आणि पिशवी चाकाला लागते. फ्रेमच्या भोकांत बोल्टने बसणारा, २५ किलो क्षमतेचा घ्या.

टाच घासते, कारण पिशवी फार पुढे बसली आहे. वरचे हूक सैल करून पिशवी मागे सरकवा. पेडल उलटे फिरवत बघा: टाच आणि पिशवीत दोन बोटांचे अंतर हवे. मग खालचा हूक कॅरियरच्या उभ्या दांडीत अडकेल असा फिरवून घट्ट करा. हा हूक सुटा राहिला की खड्ड्यात पिशवी उसळते, आणि पडूही शकते! वरचे हूक दांडीपेक्षा मोठे असतील तर त्यांच्या आत बसणारे प्लास्टिकचे तुकडे लावा; खडखड थांबते, दांडीचा रंगही वाचतो.

नाशिकच्या पावसात वरून चढवायचे कव्हर पुरत नाही, चाकाचे पाणी मागून शिरते. तोंड तीनदा गुंडाळून बंद होणारी, वेल्ड केलेल्या (म्हणजे न शिवता उष्णतेने चिकटवलेल्या) जोडांची पिशवीच घ्या. डबा तळाशी, लॅपटॉप जाड कव्हरात उभा, तळापासून थोडा वर.